विभक्त कुटुंब वसाहत, घर क्रमांक एकोणीस

न्हाणीघरातल्या काचेच्या ग्लासात दोन ब्रश होते. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, चार महिन्यांपूर्वी आणलेले. एकाचे दाते बाहेरच्या बाजूला साधारण तीस अंशांनी कलले होते आणि त्यातली निळी रेघ पुसट झाली होती. दुसऱ्याचे दाते सरळ, ताठ, परेडला उभे असल्यासारखे. ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करायची. तिथे नमुन्यांच्या रांगेत एक बाटली अशी ठेवतात, की जिला काहीच करायचं नसतं. बाकीच्यांत काय बदल झाला तो तिच्याशी ताडून पाहायचा, एवढंच. तिच्या संसारात हा मान मेजरांच्या ब्रशाला मिळाला होता.

मेजर म्हणजे तिचा नवरा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातले एकत्र राहिल्याचे दिवस तिने एकदा जुन्या डायऱ्यांवरून मोजले, तर ते तीनशे अठरा भरले. उरलेला काळ मेजर देशाचं रक्षण करत होते. नेमकं सांगायचं तर देशाचं रक्षण करणाऱ्यांना मोजे, डबाबंद अन्न आणि तंबूचे खुंट वेळेवर मिळतात की नाही ते पाहत होते. ते पुरवठा विभागात होते.

ती राहत होती त्या जागेचं नाव होतं ‘विभक्त कुटुंब वसाहत’. हे नाव सैन्यानेच दिलेलं, आणि पाटीवरची अक्षरं दर वर्षी नव्याने रंगवली जायची. अधिकारी लांब सीमेवर आणि बायकामुलं इथे, म्हणून विभक्त. नवऱ्यापासून खरोखर विभक्त झालेल्या बाईला मात्र या वसाहतीत तीस दिवसांपेक्षा जास्त राहता येत नसे. विभक्त राहायचं तर लग्न शाबूत ठेवून राहायचं, असा नियम फाटकाजवळच्या फलकावर होता. सतरा नियमांपैकी तो नववा. आठवा कुत्र्यांबद्दल होता.

तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई पेन्सिलीला टोक काढत बोलायच्या, आणि अशिलाच्या बोलण्यात जेवढा वेळ जाई तेवढी पेन्सिल लहान होई.

“मारतात?” त्यांनी विचारलं.

“छे.”

“पितात?”

“मेसमध्ये. शिस्तीत.”

“दुसरी कोणी?”

“त्यासाठी रजा कुठे मिळते त्यांना?”

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मग अडलंय कुठे?”

तिने विचार करून सांगितलं, “माणूस चांगला आहे. वर्षातून एकदा येतो, नळ दुरुस्त करतो, मुलाखत घेतल्यासारखं माझ्याशी बोलतो आणि जातो. मला त्याचा राग येत नाही आणि आठवणही येत नाही. तो गेला की मी खुर्च्या परत माझ्या जागेवर ठेवते. अकरा महिने त्या तिथेच असतात.”

“हे कोर्टात चालणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या, “पण मला पटलं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. “साध्या माणसाला घटस्फोटाला एक नवरा, एक बायको आणि एक कोर्ट लागतं. तुमचं पहिल्यापासूनच अडतं. कोर्ट कुठलं? लग्न झालं तिथलं, मेजरांचं कागदोपत्री गाव असेल तिथलं, की बदली असेल तिथलं?”

“बदल्या पाच झाल्यात.”

“म्हणजे कोर्टं झाली सात. बरं, त्यातलं इथलं आपण कसंबसं बसवू. दुसरं म्हणजे, ते कर्तव्यावर असताना त्यांच्या मागे निकाल लावता येत नाही. जो शत्रूशी लढतोय त्याला त्याच वेळी बायकोशी लढायला लावू नये, असा कायद्याचा मोठेपणा आहे.”

“ते मोजे मोजतात हो.”

“कायदा मोज्यांच्या खोलात शिरत नाही. तिसरं, एक वर्ष सलग वेगळं राहिलेलं दाखवावं लागतं.”

हे ऐकून तिला हायसं वाटलं. “मग झालंच की. आम्ही वर्षातले अकरा महिने वेगळेच असतो.”

“ते नोकरीपायी. ते धरत नाहीत. संसार मोडायचा म्हणून वेगळं व्हायला लागतं, आणि ते दुसऱ्याला कळावं लागतं. शिवाय बाराव्या महिन्यात ते घरी येऊन एका छपराखाली राहतात. घड्याळ पुन्हा शून्यावर.”

दर अकराव्या महिन्याच्या शेवटी कोणीतरी गणवेशात येऊन तिच्या प्रयोगाची बाटली मोरीत ओतत होतं, आणि वर त्या माणसाला ती चहा करून देत होती.

वकीलबाईंनी नोटीस पाठवली. तीन महिन्यांनी उत्तर आलं: ‘संबंधित अधिकारी कर्तव्यावर असल्याने उपलब्ध नाहीत. सुनावणी पुढे ढकलावी.’ मजकूर छापील होता, तारीख तेवढी पेनाने घातलेली. म्हणजे या कागदाला मागणी बरीच असावी. त्यानंतर आणखी तीन नोटिसा गेल्या आणि आणखी तीन छापील कागद आले. तिने ते ओळीने लावले, तर तारखेशिवाय त्यांत फरक नव्हता. मेजर टाळाटाळ करताहेत, हे उघड होतं. चाळीस हजार मोज्यांचे जोड बर्फातून वर पोहोचवणाऱ्याला एक नोटीस मागे ढकलणं काय अवघड?

आता कोणी म्हणेल, दर रविवारी फोन यायचा, तेव्हाच का नाही विचारलं? तर त्यालाही कारण होतं. लग्नानंतर वसाहतीत आलेल्या प्रत्येक बाईला एक स्वागत-पुस्तिका मिळायची. तिच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं: ‘फोनवर घरच्या अडचणी सांगू नयेत. विचलित मन हे शत्रूचं शस्त्र आहे.’ वसाहतीतल्या बायका हे इतक्या निष्ठेने पाळायच्या की शत्रूला हत्यार म्हणून काही उरलंच नव्हतं. शेजारणीच्या स्वयंपाकघराला आग लागली, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, “भिंतीला नवा रंग देतोय.” हिने स्वतःच्या वडिलांचं ऑपरेशन मेजरांना सांगितलं, तेव्हा वडील बागेत फिरायला लागले होते. मेजरही कमी नव्हते. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हे तिला सहा महिन्यांनी कळलं, तेही बॅगेतल्या यादीतून: ‘एक्स-रे, एक नग.’

त्यामुळे फोन सहा मिनिटांचा असला तरी दोन मिनिटांत संपायचा.

“काय म्हणतेस?”

“ठीक. तुम्ही?”

“ठीक. नळ?”

“ठिबकतो.”

“रजेत बघतो.”

दोन महिन्यांपूर्वी कर्नलबाई घरी आल्या. त्या मेजरांच्या वरिष्ठांच्या पत्नी. त्याही विभक्तच, पण वरच्या दर्जाच्या. त्यांच्या घराला गच्ची होती. वसाहतीतल्या बायकांचं मनोधैर्य हे त्यांचं खातं होतं. त्या खुर्चीवर बसल्या, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुझ्या त्या नोटिसांची तू मुळीच काळजी करू नकोस हं.”

“नोटिसांची?”

“अगं, आम्ही त्यांना दिल्याच नाहीत.”

ती चहाची किटली हातात धरून उभी राहिली.

“ड्यूटीवरच्या माणसाला असलं काही हातात देतात का? लक्ष उडतं. उद्या तिकडे मोजे कमी पडले म्हणजे? साहेबांनी सगळ्या फाईलला लावल्यात. कोर्टाला उत्तरंही ऑफिसच पाठवतं. मेजरांना एका सहीचासुद्धा त्रास दिला नाही.”

“तीन वर्षं त्या फाईलमध्येच आहेत?”

“फाईल चांगली आहे गं. पाणी-पाऊस लागत नाही तिला.” कर्नलबाईंनी सोबत आणलेली घडीपत्रिका तिला दिली, ‘सुखी घर, सक्षम सेना’, आणि उठता उठता गोड बातमी दिली. मेजरांची बदली कुटुंबासह राहता येईल अशा ठिकाणी झाली होती. तीन वर्षांसाठी. “बघ, सेना देते की नाही न्याय? धीर धरलास, फळ मिळालं.”

त्या गेल्यावर तिने कप धुतले. तीन वर्षं ती ज्या माणसावर चिडून होती, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळा राग एका दुपारात बेवारस झाला. ताब्यात घ्यायला कोणी येईल असं दिसेना.

वकीलबाईंनी मात्र ऐकून डोक्याला हात लावला. “म्हणजे तीन वर्षांत तुम्ही नवऱ्याला एकदाही सांगितलं नाहीत?”

“नोटीस पाठवली होती ना!”

“ती फाईलने वाचली. फाईलला घटस्फोट मान्य असेलही. अहो, त्यांना सांगा. समोर उभं राहून, तोंडाने, सरळ शब्दांत. वार आणि वेळ लिहून ठेवा. त्या क्षणापासून ते मेसमध्ये, नाहीतर तुम्ही दुसरीकडे. तिथून आपण वर्ष मोजू. आणि एक सांगून ठेवते. त्यांच्याबरोबर नव्या ठिकाणी राहायला गेलात तर माझ्याकडे परत यायची घाई करू नका. तीन वर्षांनी या. पेन्सिली आणून ठेवते.”

दुसरीकडे जायची सोय झाली होती, हीच गंमत. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन जलशुद्धीकरण केंद्र सुरू होत होतं, आणि तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिचं नाव लागलं होतं. शुक्रवारी रुजू व्हायचं होतं. प्रयोगशाळेच्या वर दोन खोल्या होत्या. खिडकीतून गोल टाक्या दिसायच्या आणि त्यांत संथ फिरणारं पाणी. त्या खोल्यांची किल्ली पंधरा दिवसांपासून तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. गुरुवारी सकाळी आठ वाजता वसाहतीत सामानाचा ट्रक येणार होता. एकतर ती ट्रकमागोमाग जाणार होती, नाहीतर किल्लीमागोमाग.

मेजर शनिवारी आले. हातपाय धुतले, नळ उघडून पाहिला, पाना काढला. अर्ध्या तासात ठिबकणं थांबलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “अहो, एक बोलायचं होतं.”

“बोल की. वॉशर जुना होता, बघ.” त्यांनी काळा रबरी तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, मोठ्या कौतुकाने. तो हातात घेऊन संसार मोडणं तिला जमलं नाही.

रविवारी मेजरांनी अकरा काळ्या पेट्या माळ्यावरून काढल्या आणि त्यांवर पांढरे आकडे घातले. भिंतीतले खिळे मोजले. घर ताब्यात देताना आपले खिळे आपण उपटायचे असतात आणि आधीचे आहेत तसे सोडायचे असतात. ती “अहो” म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, “सात. तुझ्या मते सात की आठ?” आठवा पलंगामागे निघाला.

सोमवारी सासूबाईंचा फोन आला. “सूनबाई, आता नीट राहा गं दोघं. बिचारीने अकरा वर्षं काढलीस एकटीने. माझा मुलगा तसा मुका आहे, पण मनाने वाईट नाही.”

“हो आई,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने स्वतःला एक शब्द वापरला, जो स्वागत-पुस्तिकेत नव्हता.

मंगळवारी सकाळी यादी वाचायची होती. मेजरांच्या पद्धतीत सामान बांधून झालं की एकाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पेटीत हात घालून वस्तू पाहायची आणि ‘आहे’ म्हणायचं. एकट्याने केलेली तपासणी ते धरत नसत. ती सहा नंबरच्या पेटीवर बसली. मेजर गुडघ्यांवर, बाह्या वर केलेल्या. यादी त्यांच्याच अक्षरात होती, एकसारख्या, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात. तिला ते अक्षर नेहमी आवडायचं. माणूस सोडताना अक्षर आठवेल, असं तिला उगाच वाटून गेलं.

“पेटी एक. टेबललॅम्प, एक.”

“आहे.”

“टूथब्रश, वापरातला, एक. टूथब्रश, राखीव, एक.”

“आहेत.”

“राखीव कोणाचा?”

“माझा. मी बॅगेतलाच वापरतो. हा कोरा दिसला, म्हणून राखीव लिहिला.” मेजरांनी वर पाहिलं नाही.

पेटी दोनमध्ये भिंतीवरचं घड्याळ निघालं, तीनमध्ये पडदे आणि आठ खिळे, कागदात गुंडाळून. चौथी पेटी कागदपत्रांची. ती वाचत गेली: विम्याचे कागद, पदव्या, लग्नाचा दाखला, एक्स-रे. एकतीस नंबरला आवाज आपोआप पुढे गेला आणि डोळे मागे राहिले.

“न्यायालयीन नोटिसा, चार नग.”

मेजर पेटीत हात घालून थांबले. मग एक जाड पाकीट काढून त्यांनी आतले कागद अंगठ्याने मोजले. मोजायची गरज नव्हती.

“आहेत,” ते म्हणाले.

बाहेर कोणीतरी कुंपणाचे दगड चुन्याने रंगवत होतं. बादलीची कडी आदळल्याचा आवाज येत होता.

“कधी मिळाल्या?”

“तीन आठवडे झाले. युनिट सोडताना कारकुनाने माझी फाईल रिकामी करून दिली. पोच म्हणून सही घेतली.”

“वाचल्यात?”

“चारही. तारखेप्रमाणे.”

“आणि तुम्ही त्या यादीत लिहिल्यात.”

“पेटीत आहेत म्हटल्यावर यादीत नकोत?” मेजरांना खरंच आश्चर्य वाटलं. त्यांच्या आयुष्यात एखादी गोष्ट असणं आणि यादीत नसणं, याला चोरी म्हणत.

“अहो, मला विचारावंसं नाही वाटलं? तीन रविवार फोन केलात.”

“विचारलं. तू म्हणालीस, ठीक.”

म्हणाली होती खरी.

मेजर टाचांवर मागे बसले. तीनशे माणसांना रांगेत उभं करणारा आवाज एकदम खोलीच्या मापाचा झाला. “मला वाटलं, जुनी गोष्ट असेल. शेवटच्या नोटिशीला आठ महिने झाले. आठ महिन्यांत माणसाचं मन बदलतं.”

“कशाने बदललं असेल असं वाटलं तुम्हाला?”

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. उत्तर शोधताना त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

“नळ दुरुस्त केला मी,” ते म्हणाले.

तिला हसू आलं. हा माणूस तीन दिवस त्या चार कागदांवर नवे कागद रचत होता, पेट्यांना नंबर घालत होता, आणि शेवटी ती पेटी तिच्याकडून वाचून घेत होता. ‘एक्स-रे, एक नग’ तसंच हे. यापेक्षा मोठ्याने त्याला सांगता येत नव्हतं, विचारताही येत नव्हतं. आणि ती तरी काय करत होती? तिचा आवाज वकीलबाईंनी टाइप करून, शिक्का मारून पाठवला होता, चार वेळा. कर्नलबाई उगाच बदनाम. या घरात बातमी अडवून ठेवायला फाईलची गरजच नव्हती.

मेजरांनी पाकीट परत पेटीत ठेवलं, कडा जुळवून. मग यादीकडे हात केला. “बत्तीस?”

ती काही वाचेना, तेव्हा त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर तेच होतं, जे फोनवर दिसत नसे पण असणार, दर रविवारी, तिकडच्या टोकाला.

“सगळं ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं.

प्रश्न सोपा होता. अकरा वर्षं पाठ असलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. एक शब्द, दोन अक्षरं, आणि गुरुवारी आठ वाजता ट्रक. तिने भिंतीकडे पाहिलं. घड्याळाच्या जागी फिकट गोल डाग होता, घड्याळ पेटी दोनमध्ये. मग ती सहा नंबरच्या पेटीवरून उठली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचं घड्याळ बांधलेलं मनगट धरून आपल्याकडे वळवलं. काटा पुढच्या खुणेवर येईपर्यंत ती थांबली.

“ठीक नाही,” ती म्हणाली. “आज मंगळवार. दहा वाजून बावीस मिनिटं झालीत. हे मी कागदावर नाही, फोनवर नाही, तुमच्या तोंडावर सांगतेय. मी तुमच्याबरोबर येणार नाही. मला घटस्फोट हवाय.”